आत्याचा आवाज कोणी दाबला

आमच्या घरात कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता, आणि तरी आम्ही सगळे सुखाने नांदत होतो. दुधात पाणी आहे असं आई दूधवाल्याला रोज तोंडावर सांगायची आणि रोज त्याच्याचकडून दूध घ्यायची. बाबा रेल्वेत मालगाडीच्या डब्यांची चाकं तपासायचे. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक चाकावर ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. चाक धड असलं की खणखणीत वाजतं, तडा असला की आवाज बसतो. आयुष्यभर हेच केल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूत कुठेतरी तडा आहे, आपण फक्त तो शोधायचा, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. बाजारात टरबूज घेताना ते एवढी टरबुजं ठोकून बघायचे की विकणारी बाई शेवटी म्हणायची, "भैया, लेना है कि बजाना है?" पंखा जरा कुरकुरला की जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा. मी खोटं बोलले तर तेसुद्धा त्यांना आवाजावरूनच कळत असे, निदान त्यांचा तसा दावा होता. आज माझी मुलगी मोबाईलवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत असते तेव्हा माझा घास तसाच हातात राहतो. हे रक्तातून येतं, याला इलाज नाही.

आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे दिवसभर स्टीलचे डबे एकमेकांवर आपटल्याचे आवाज वर येत आणि उन्हाळ्यात त्यावर कूलरची घरघर चढे. समोरच्या खोलीत आत्या राहायची. बाबांची मोठी बहीण, कमलआत्या. बाबा आणि आई दोघंही तिला बाई म्हणत. तिचे यजमान, म्हणजे आमचे फुफाजी, भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये होते. रायपूरच्या हवेत वाढलेले आम्ही पोट्टे त्यांना हिंदीसारखं फुफाजीच म्हणायचो. ते ढोलकी वाजवायचे आणि आत्या गायची. विहारात, बारशाला, लग्नाला, जयंतीला, जिथे बोलावणं येईल तिथे ही जोडी जायची. फुफाजी आजारपणात गेले तेव्हा बाबा आत्याला आमच्याकडे घेऊन आले. तिने सोबत एक पत्र्याची पेटी आणली आणि ढोलकी. जुन्या लुगड्याची खोळ शिवून ती ढोलकी तिने आपल्या खाटेच्या वरच्या खुंटीला टांगली, थापेची बाजू खोलीकडे करून. तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

घरात संशयी म्हणून बाबांचं नाव असलं तरी आत्या त्यांच्या वरताण होती. पण तिच्या संशयाला कारण होतं, आणि ते कारण तिने पेटीत जपून ठेवलं होतं. फार पूर्वी नागपूरचा एक कॅसेटवाला येऊन तिची गाणी भरून घेऊन गेला होता. कॅसेट बाजारात आली तेव्हा वेष्टनावर दुसऱ्याच कोण्या बाईचा फोटो आणि तिचंच नाव. आत मात्र आवाज आत्याचा. घरी कोणीही नवीन माणूस आला की आत्या पेटी उघडायची, ती कॅसेट त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "हे पाह्य. बाई तिची, गळा माझा." त्या दिवसापासून यंत्राच्या तोंडासमोर गायचं नाही असा तिने पणच केला होता. आई या सगळ्यात फारसं बोलायची नाही. ती इतकं कमी का बोलते, याचाही आत्याला संशय होता.

आणि अशा घरात मी कॉम्प्युटरवर गाणी करायला शिकले. कॉलेजात असताना खेमू भैयाची ओळख झाली. साहूंचा मुलगा, छत्तीसगढी, हसरा. त्याच्या वडिलांचं मांडव भाड्याने द्यायचं टेंट हाऊस होतं आणि खेमूने शंकर नगरच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या गोदामात एक खोली अडवून स्टुडिओ काढला होता. भिंतींना लग्नाच्या मांडवाचे जुने गुलाबी पडदे दुमडून ठोकलेले, मध्ये कॉम्प्युटर, माईक, दोन मोठे स्पीकर. लग्नाच्या आणि गणपतीच्या मिरवणुकांसाठी तो डीजेची गाणी बनवायचा. त्याला ठोका कळायचा, पण पडद्यावरचं इंग्रजी वाचायचा कंटाळा होता; मला इंग्रजी कळायचं आणि ठोका शिकायचा होता. म्हणून आमचं जमलं. इंटरनेटवरचे व्हिडिओ अडकत अडकत चालायचे, त्यातला परदेशी मुलगा भरभर बोलायचा, मी ते लक्षात ठेवून खेमूच्या कॉम्प्युटरवर करून पाहायचे. साइडचेन मी अशीच शिकले.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना सांगते, गोष्ट सोपी आहे. ढोल आणि बेस, दोघांचाही आवाज जाड. दोघं एकदम वाजले की नुसता चिखल होतो, ढोलाची थाप कळतच नाही. म्हणून बेसवर कॉम्प्रेसर बसवायचा. कॉम्प्रेसर म्हणजे पडद्यावरची एक छोटी खिडकी, तिच्यात काही बटणं, आणि तिचं काम आवाज दाबणं. पण कधी दाबायचं हे त्याने बेस ऐकून ठरवायचं नाही. त्याचा कान ढोलाकडे लावून द्यायचा. ढोल पडला की बेस खाली बसतो, ढोल ओसरला की पुन्हा वर येतो. ऑफिसात साहेब आत शिरले की बाबू लोकांच्या गप्पा बंद होतात आणि साहेब गेले की पुन्हा सुरू होतात, तसंच. किती दाबायचा, किती चटकन सोडायचा, हे बटणांनी ठरतं. पहिल्यांदा मी जोडणी उलटी केली आणि ढोलच बेसला घाबरून बसला. खेमू हसून हसून गडबडा लोळला. पण नीट जमलं त्या दिवशी गाणं असं श्वास घेतल्यासारखं हलायला लागलं की आम्ही दोघांनी टेबल बडवलं.

त्या वर्षी आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, मंडळाने ठरवलं की जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर आपल्याच माणसांनी केलेलं गाणं वाजवायचं. आत्याने गाणं स्वतः रचलेलं होतं. ती गायला तयार नव्हती, मी महिनाभर मागे लागले. शेवटी तिने अट घातली. "ट्रकवरून पहिले माझं नाव घेतलं पाहिजे. पूरं नाव. मंग गानं." मंडळाने कबूल केलं. पण दुसऱ्या पाऱ्यातल्या एका तरुण गायिकेचं गाणं आधीच तयार होतं, आणि आत्याचं वेळेत झालं नाही तर तेच वाजणार हेही ठरलं. त्या दिवशी आत्याने पेटीतली कॅसेट काढून उशीखाली ठेवली. तिचा गळा थकत चालला होता, वरचा सूर लावताना ती डोळे मिटून घ्यायला लागली होती. आपल्या नावाने आपला आवाज एकदा रस्त्यावर वाजावा, एवढंच तिला हवं होतं, आणि ते या वर्षी झालं नाही तर पुढे होणार नाही हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आत्या स्टुडिओत आली ती पदर खोचून, जणू भांडायलाच. तिने आधी माईकभोवती एक फेरी मारली, गुलाबी पडद्याच्या मागे कोणी नाही ना ते पाहिलं, खेमूला त्याचं गाव विचारलं, गावात सासर कोणाचं ते विचारलं. मग कानावर हेडफोन चढवले. हेडफोनमध्ये आम्ही ढोलाचा साधा ठेका सोडला होता, म्हणजे ताल सुटू नये. ती एका दमात गायली. खेमू म्हणाला, "दादी, क्या गला है!" आत्या म्हणाली, "दादी कोनाले म्हनते रे?" कॉम्प्युटर अर्थातच खेमूकडे राहिला. पुढचे काही दिवस मी जाऊन-येऊन काम करत राहिले. हार्मोनियम, बेस, सगळ्याला साइडचेन लावून त्यांना ढोलापुढे वाकायला शिकवलं. आत्याच्या आवाजाला मात्र मी हातही लावला नाही.

गाणं घरी आणून लावलं. बाबांनी कूलर बंद केला. आत्या खाटेवर ताठ बसली. पहिलं कडवं होईपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग तिने हात वर केला. "बंद कर."

"काय झालं?"

"माझा आवाज कोनीतरी दाबून राहिलं."

मी हसले, तशी ती भडकली. "हासू नको, मिते. थाप आली का मी खाली. थाप आली का मी खाली. मले काय समजत नाही का? ढोल आला का माझी मुंडी दाबते कोनीतरी."

मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते, मालगाडीशेजारी उभे असावेत तसे. म्हणाले, "बाई खरं सांगून राहिली. आवाज बसतो. तडा हाये याच्यात." आणि मग मलाही ते ऐकू आलं. मी एवढे दिवस बेसच्या मागे होते म्हणून लक्ष गेलं नव्हतं. प्रत्येक जोरकस थापेला आत्याचा आवाज अंग चोरून बाजूला होत होता आणि थाप गेली की परत पुढे येत होता. अगदी मी बेसला शिकवलं होतं तसाच.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत जाऊन सगळ्या खिडक्या एकेक करून बंद केल्या. बेस बंद, हार्मोनियम बंद, ढोल बंद, एकूण एक कॉम्प्रेसर काढून टाकला. नुसता आत्याचा आवाज उरला, आणि तो तरीही दबत होता. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगरासारखी दिसते. दर थापेच्या जागी त्या डोंगरात खिंड पडली होती. याचा अर्थ माझ्या लेखी एकच होता. मूळ फाईलच कोणीतरी बदलून ठेवली होती. आणि कॉम्प्युटर तर एकाच माणसाकडे होता.

"मैं हाथ नहीं लगाया, दीदी," खेमू म्हणाला. "कसम से."

"तो फिर ये अपने आप हुआ?"

"मुझे क्या मालूम. जैसा आया वैसा रखा हूँ."

त्याने डोळे चुकवले असं मला वाटलं. त्याच्या टेबलावर त्या दुसऱ्या गायिकेच्या गाण्याची सीडी पडलेली दिसली, कारण तिच्या मंडळाचं कामही तोच करत होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, रायपुरात डीजेवाले असे किती असणार? पण मी ते घरी सांगितलं, आणि मग काय, घरात न्यायालयच बसलं. बाबा म्हणाले, पोट्टा त्या लोकांना फितूर आहे. आत्या म्हणाली, नागपूरवालाही असाच हसरा होता. ती उठली, उशीखालची कॅसेट काढली आणि परत पेटीत टाकून कुलूप लावलं. "वाजवा तिचं गानं. माझं मिटवून टाका. पुन्हा मले फसवू देनार नाही मी कोनाले." त्या कुलपाच्या आवाजाने मला रडू आलं. खेमूचा राग आला, आत्याचाही आला, आणि जयंती तोंडावर होती.

रविवारी दुपारी बाबांनी निकाल लावायचं ठरवलं. बाहेर लूच्या गरम झळा चालल्या होत्या, खाली भांड्यांचं दुकान बंद होतं, म्हणून कधी नव्हे ती शांतता होती. आत्या ताटात बासी घेऊन बसली होती. पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, कच्चा कांदा आणि कैरीची चटणी. तिला ही छत्तीसगढी सवय भिलाईतच लागली होती. आई ओट्याशी पाटवड्या थापत होती. बाबांनी पंखासुद्धा बंद केला, परात उपडी घातली, हातात लाटणं घेतलं आणि म्हणाले, "बाई, यंत्र नको, तार नको, पोट्टा नको. तू इथंच गा, मी ठेका देतो. खरा आवाज कसा आहे तो माझ्या कानात बसू दे, मंग त्या साहूले जाऊन विचारतो." आत्याने चूळ भरली, मांडी घातली आणि गायला सुरुवात केली.

बाबांनी परातीवर थाप दिली, आणि आत्याचा आवाज खाली बसला.

मला वाटलं, मला भास झाला. पुढची थाप, पुन्हा तेच. सूर कुठे हलत नव्हता, ताल सुटत नव्हता, फक्त थाप पडताना आवाज वाट करून देत होता, जसं कोणी दारातून येताना आपण नकळत भिंतीला चिकटतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ते केलं जे फक्त तेच करू शकतात: ठेका बदलला. जिथे थाप यायची नाही अशा जागी मुद्दाम जोरात लाटणं मारलं. आत्याचा आवाज तिथेही बसला. त्यांनी थाप थांबवली. आत्या गात राहिली, आणि आता तिचा आवाज सरळ, भरलेला, कुठेही न वाकता कडव्याच्या शेवटापर्यंत गेला. मग आमचे चेहरे पाहून ती थांबली.

"काय झालं? असे काहून पाहून राहिले माझ्याकडे?"

बोलली ती आई. पाटवड्या थापायचं न थांबवता म्हणाली, "बाई, तुम्ही तर पहिल्यापासून असंच गाता. भाऊजीची थाप पडली का तुम्ही आवाज आवरता."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "तुले माहीत होतं?"

"हव."

"मंग आजपर्यंत सांगितलं काहून नाही?"

"मले वाटे तुम्ही मुद्दाम करता. भाऊजीची ढोलकी उठून दिसावी म्हनून. प्रेमानं."

"प्रेमानं!" आत्या अशी म्हणाली, जणू कोणी तिला शिवी दिली होती. तिने ताट सरकवलं. उरलेला भात तिने खाल्ला नाही, आणि त्या घरात अन्न टाकणं म्हणजे काय हे फक्त आम्हालाच माहीत.

आता खेमूवरचा संशय उडाला होता, पण संशय घरातून गेला नव्हता. तो नुसता सरकून खुंटीवर जाऊन बसला होता. दोन दिवस आत्या खाटेवर बसून ढोलकीकडे बघत होती. मी जवळ गेले की बोलायची, पण माझ्याशी नाही. "लोक म्हनत, ढोलकी काय बोलते! अरे, ती बोले कारन मी गप बसे." थोड्या वेळाने: "थापेच्या आधी तो माझ्याकडे वळून पाहे. भिवई वर करे. मी समजे लाडानं पाहते." बाबांना तिने सरळच विचारलं, "त्याले माहीत असन का रे?" बाबा लोखंडाच्या बाबतीत कोणालाही उत्तर देऊ शकत होते. या वेळी ते उठून कूलरमध्ये पाणी भरायला लागले. खरं सांगते, मला त्या वेळी फुफाजींचा राग आला, आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण ते मला खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवायचे. आजही ठरत नाही. त्यांनी जागा मागितली होती, की तिने दिली होती, की दोघांपैकी कोणालाच पत्ता नव्हता?

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने पेटी उघडली, इस्त्रीचं लुगडं काढलं आणि म्हणाली, "चाल मिते. दुसऱ्यांदा गाते म्हनते मी."

या वेळी बाबाही सोबत आले. खेमू फुगलेला होता; घरातलं बोलणं माझ्याच तोंडून त्याच्या कानावर गेलं होतं. "दीदी, आपके पापा ने मुझे फितूर बोला," तो मला हळूच म्हणाला. बाबांना माफी मागता येत नाही. ते स्पीकरजवळ गेले, त्याच्या खोक्यावर बोटाने टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "बेटा, इसका एक नट ढीला है." खेमूने पाना आणला, नट खरंच ढिला होता, आणि तेवढ्यावर त्यांचं मिटलं.

आत्याने हेडफोनमध्ये ढोल नको म्हणून सांगितलं. "नुसती बाजाची पेटी दे. मी तालात राहीन, तू काळजी नको करू." आणि ती राहिली. तो आवाज मी कधी विसरणार नाही. वय झालेला, वरच्या सुराला थोडा खरखरणारा, पण कोणासाठीही न थांबणारा. मी पडद्याकडे पाहिलं. डोंगराची रेघ सलग होती. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी ढोलावर कॉम्प्रेसर बसवला आणि त्याचा कान आत्याच्या आवाजाकडे लावून दिला. माझी पहिली चूक, उलटी जोडणी, पण या वेळी जाणूनबुजून. आता आत्या गायला लागली की ढोल खाली बसणार होता आणि तिने श्वास घेतला की वर येणार होता.

खेमूने कपाळाला हात लावला. "उल्टा हो गया, दीदी! ढोल दबेगा तो पब्लिक नाचेगी किस पे?"

मी गाणं लावलं. आत्या ऐकत राहिली. एका ओळीनंतर तिच्या लक्षात आलं. ती हळूच पुढे वाकली. "आता तो दबून राहिला."

"हो."

"किती दबते?"

मी बटण दाखवलं. म्हटलं, हे फिरवलं की ठरतं. तिने माऊस कधी धरला नव्हता. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि तिने फिरवलं. ढोल खाली गेला. तिने आणखी फिरवलं. तो आणखी खाली गेला, भिंतीपलीकडे कोणी वाजवतंय असा झाला. तिने इतकं फिरवलं की तिच्या ओळीत ढोल उरलाच नाही, नुसती ती. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. मग तिने माझ्या हाताखालून बटण स्वतःच मागे आणलं, थोडंसंच. ढोल परत ऐकू यायला लागला, लांबून, पण ठेक्यात.

"बस," आत्या म्हणाली. "अगदीच नको मारू त्याले."

जयंतीला ट्रकवरून आधी तिचं नाव घेतलं गेलं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. मग गाणं सुरू झालं. खेमू केबिनच्या टपावर बसून गर्दीकडे चोरासारखा बघत होता. झालं असं की ओळ चालू असताना लोक पाय हलवत ऐकायचे, आणि आत्याचा आवाज थांबला की दबलेला ढोल असा उसळून यायचा की अख्खा रस्ता एकदम उडी मारायचा. खेमूने मला वरून अंगठा दाखवला. आत्या माझा हात धरून ट्रकच्या मागे चालत होती. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "हे पोट्टे खरंच नाचून राहिले का? का तुझ्या बाबानं सांगून ठेवलं या साऱ्यायले?" मी म्हटलं, आत्या, खरंच नाचतायत. तिने बाबांना शोधून, त्यांचा चेहरा नीट पाहूनच विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले, तर ढोलकी तिच्या मांडीवर होती. खोळ काढलेली. इतक्या वर्षांत दोऱ्या सैल पडल्या होत्या. तिने कड्या सरकवून त्या आवळल्या आणि एकच थाप मारली. थाप पडली तशी तिची मान जराशी खाली गेली. तिलाही ते कळलं. "माहीत होतं तुले," ती ढोलकीकडे पाहून म्हणाली, आणि उत्तर येईल अशी थांबून राहिली. मग खोळ चढवली आणि ढोलकी पुन्हा खुंटीला टांगली, पण फिरवून. थापेची बाजू भिंतीकडे.

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती गेल्यावर तात्यापाऱ्यातलं घर सोडून आम्ही तेलीबांध्याला राहायला आलो. ते गाणं माझ्याकडे आहे, मुलीला ऐकवलं तर ती म्हणाली, "मम्मी, साइडचेन उल्टा क्यों है?" मी तिला सांगितलं, ऐक नीट. ढोलकीही माझ्याकडेच आहे. सामान हलवताना आत्याच्या खोलीत ती उतरवायला मी गेले, तेव्हा थापेची बाजू खोलीकडे होती. कधी फिरली, कोणी फिरवली, कोणी बोललं नाही. बाबा म्हणतात, आत्यानेच शेवटी फिरवली असेल. माझा संशय आईवर आहे.